नांगर दरवर्षी कशाला?

रब्बी निघाली की मराठवाड्यापासून कोल्हापूरपर्यंत एकच घाई सुरू होते. ट्रॅक्टर गाठायचा, पलटी नांगर घालायचा, चैत्र-वैशाखाच्या उन्हात ढेकळे तापू द्यायची आणि पावसाच्या तोंडावर रोटाव्हेटर मारून रान भुसभुशीत करून ठेवायचे. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की न नांगरलेले रान म्हणजे आळशाचे रान, असे गावात उघड बोलले जाते. ही वाडवडिलांपासून चालत आलेली रीत आहे, असे बहुतेकांना मनापासून वाटते. शिवाय नांगरल्यावाचून पीक येत नाही, हेही ठरलेलेच असते. या दोन्ही समजुती पुराव्यावर टिकत नाहीत, असे माझे मत आहे. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत दरवर्षी खोल नांगरट करण्याला ना परंपरेचा आधार आहे ना प्रयोगांचा. नांगर हे औषध आहे. रोग असेल तेव्हा आणि असेल तिथेच ते द्यावे. मात्र 'नांगर कायमचा टाका' असे सांगणारा दुसरा पंथही मला पटत नाही. त्याची कारणे पुढे येतील.

आधी परंपरेचे पाहू. नांगरलेल्या शेताचा आपल्या उपखंडातला सर्वांत जुना ठळक पुरावा राजस्थानातल्या कालीबंगन इथे मिळाला. इसवी सनापूर्वी सुमारे 2800 च्या आसपासचे एक शेत तिथल्या उत्खननात उघडे पडले. त्यात तासांच्या दोन जाळ्या एकमेकींना काटकोनात छेदतात. एका दिशेची तासे जवळजवळ, सुमारे एक फुटावर आहेत; दुसऱ्या दिशेची चांगली सहा फुटांच्या अंतरावर. त्या भागातले शेतकरी अलीकडेपर्यंत हरभऱ्यासारखे बुटके पीक आणि मोहरीसारखे उंच पीक एकाच रानात याच पद्धतीने घेत होते, हे उत्खननकारांच्या लक्षात आले. हरियाणातल्या बनावली इथे नांगराची मातीची प्रतिकृतीही मिळाली आहे. हा नांगर लाकडी होता आणि माती उलथवणे हे त्याचे काम नव्हते. तो रान चिरत जाई, तास पाडी आणि बियाण्याला जागा करून देई. पुढची साडेचार हजार वर्षे आपल्याकडचा नांगर बहुतांशी असाच राहिला. खोड, त्यात बसवलेला फाळ, पुढे हळस, वर रुमणे. माती दोन्ही अंगांना थोडी सरके. खालचा थर वर आणि वरचा खाली अशी पलटी त्यातून होत नसे.

दख्खनच्या काळ्या रानात तर हा साधा नांगरही दरवर्षी चालत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत याची नोंद आहे. भारी काळ्या जमिनीत काही वर्षांआड एकदा नांगर आणि दरवर्षी कुळवाच्या पाळ्या, हा तेव्हाचा रिवाज होता. त्यामागे अडचण होती, तशी समजही होती. भारी रानातल्या अवजड नांगराला सहा-आठ बैल लागत. एवढी जनावरे एका घरी नसत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांची बैलजोडी जमवून इर्जिक घालावे लागे. इतका खटाटोप माणूस दरवर्षी विनाकारण करत नाही. हरळी किंवा कुंदा माजला, रान फारच आवळले, तरच तो केला जाई. एरवीचा सगळा भार कुळवावर, विदर्भात वखरावर. कुळवाची आडवी पास जमिनीखाली दोन-तीन इंचांवरून सरकत जाते, तणाची मुळे कापते आणि वरच्या मातीचा पातळ थर मोकळा करते. हा मोकळा थर खालच्या ओलीवर पांघरुणाचे काम करतो. पास वर उचलली जाते तेव्हा धसकटे आणि पालापाचोळा तिच्या तोंडाशी गोळा झालेला असतो, पण खालची माती आपल्या जागीच असते.

काळ्या जमिनीचा स्वभाव माहीत असेल तर हे शहाणपण नीट कळते. या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे आणि ती चिकणही फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीची. मे महिन्यात असे रान जवळून पाहावे. हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि काही भेगा दोन-तीन फूट खोल गेलेल्या असतात. वाऱ्याने, जनावरांच्या खुरांनी, वळवाच्या पहिल्या सरीने वरची भुसभुशीत माती आणि काडीकचरा त्या भेगांत पडतो. पाऊस लागला की जमीन फुगते, भेगा मिटतात आणि वरचे ते द्रव्य खोलवर जाऊन बसते. दरवर्षी हेच घडते. जे काम पलटी नांगर डिझेल जाळून करतो, त्यातले बरेचसे ही जमीन उन्हापावसाच्या जोरावर आपले आपणच करत असते. हलक्या मुरमाड जमिनीत असे होत नाही, हे खरे. पण तिथे मुळात माती वीतभर असते, आणि ती उलथली की मुरूम वर येतो.

मग माती पलटण्याची कल्पना आली कुठून? ती आली थंड, ओलसर मुलखांतून. युरोपच्या उत्तरेकडच्या जड, पाणथळ मातीत वाकड्या पंख्याचा नांगर फिरवला की तास उलटे पडते, गवत गाडले जाते, पाणी निचरते आणि वसंतात जमीन लवकर सुकून तापते. तिथे हा नांगर वरदान ठरला. पण त्याने जे साधते ते म्हणजे जमीन सुकवणे आणि तापवणे. आणि आपल्या सोलापूर-बीडच्या रानाला या दोहोंपैकी कशाचीच वाण नाही. ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ भारतीय शेती सुधारण्याचे उपाय सुचवायला इकडे आले होते. 1893 साली निघालेल्या आपल्या अहवालात त्यांनी देशी अवजारांची बाजू घेतली. इथल्या शेतकऱ्याचा नांगर त्याच्या बैलांना, पैशाला आणि हवामानाला साजेसा आहे, सरसकट विलायती नांगर आणून भले होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सरकारनेच धाडलेल्या माणसाने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे वजन अधिक.

तरीही लोखंडी नांगर आला, आणि तो यायलाच हवा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात पहिले लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा लोकांची समजूत होती आणि माल खपायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हा नांगर घरोघर पोचला. पाण्याखालच्या उसाच्या रानात, हरळीने भरलेल्या जमिनी लागवडीखाली आणताना त्याने फार मोठे काम केले. त्याच्याविषयी कृतज्ञताच हवी. परंतु जे अवजार बिकट प्रसंगी उपयोगी म्हणून आले ते पुढे नित्याचे झाले, आणि कोणत्या रानासाठी, किती वर्षांनी, हा प्रश्न विचारायचे राहून गेले.

खरे तर तो प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही मिळाले होते. 1920 च्या दशकात पुण्याजवळ मांजरी इथे कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झाले आणि 1933 मध्ये सोलापूर, विजापूर यांसह देशात पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधन केंद्रे निघाली. त्यातून जी शिफारस तयार झाली ती 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून ओळखली गेली. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी, कमी बियाणे, वारंवार कोळपणी आणि नांगरट तीन वर्षांतून एकदा. हे काही नांगराविरुद्ध मोहीम काढणारे लोक नव्हते. दुष्काळी जिल्ह्यांत वर्षानुवर्षे प्रयोग करणारे कृषी खात्याचे शास्त्रज्ञ होते. गॅझेटियरांत नोंदलेली शेतकऱ्यांची रीत आणि प्रयोगशेतावरची शिफारस अशी जवळजवळ एकाच जागी येऊन मिळते. आजची 'दरवर्षी एक नांगरट, दोन रोटाव्हेटर' ही चाल या दोघांतही बसत नाही. ती ट्रॅक्टर स्वस्तात भाड्याने मिळू लागल्यावर, बैल घटल्यावर रुळलेली आहे. तिला परंपरा म्हणणे ही चूक आहे.

जगाचा अनुभवही विचारात घ्यावा. अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांवर पोलादी नांगर चालले, गव्हाचे भाव चढले तसे आणखी रान फुटले आणि 1930 च्या दशकातल्या अवर्षणात ती उघडी माती वाऱ्याने उचलून नेली. 1935 मध्ये तिथल्या सरकारला मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढावे लागले. 1943 मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी पलटी नांगराला दोष देणारे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. 1972 मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने न नांगरता पेरणी सुरू केली, कारण एकेका पावसात त्याची तांबडी माती वाहून जात होती. आज दक्षिण अमेरिकेत अशा पेरणीखाली अफाट क्षेत्र आहे. भूशास्त्रज्ञ डेव्हिड माँटगोमेरी यांनी 2007 मध्ये जगभरची मोजमापे एकत्र करून दाखवले की नांगरलेल्या शेतांतली माती ती तयार होण्याच्या वेगापेक्षा दहा ते शंभर पट वेगाने वाहून जाते. आपल्याकडे हा धोका जूनमध्ये असतो. रान भुकटी करून ठेवलेले, वर काडीचे आच्छादन नाही, आणि मृगाचा पहिला जोरकस पाऊस तासाभरात येतो. ओढ्याला गढूळ लोंढा येतो तो आपल्याच बांधावरून गेलेला असतो. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना पावसाबरोबर वाहून जाणारा हाच गाळ आणि पालापाचोळा शेतात अडवण्यासाठी बांध घालण्याची मागणी केली होती. ती मागणी 1880 च्या दशकातली आहे.

आता उत्पन्नाचे. शेतकऱ्याला माती वाचवा म्हणून सांगणे सोपे आहे. त्याचा पहिला प्रश्न यंदाच्या पोत्यांचा असतो, आणि तो रास्त आहे. याचे सर्वांत व्यापक उत्तर कॅमेरॉन पिटेलको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दिले. त्यांनी 63 देशांतले 610 अभ्यास आणि 48 पिके तपासली. सगळे अभ्यास एकत्र धरले तर नांगरट बंद केल्याने उत्पन्न सरासरी 5.7 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. विनानांगरणीचे प्रचारक हा आकडा सांगत नाहीत. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट नांगराचे समर्थकही सांगत नाहीत. कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, पिकाचे अवशेष रानात ठेवून आणि फेरपालट करून नांगरट बंद केली, तर उत्पन्न 7.3 टक्क्यांनी वाढले. म्हणजे लाभ होतो तो नांगर थांबवण्याला आच्छादन आणि फेरपालट यांची जोड मिळाल्यावर, आणि तो विशेष करून आपल्यासारख्या मुलखात. ओल टिकते, हे त्याचे साधे कारण.

इथेच महाराष्ट्रातली खरी अडचण उभी राहते आणि तिला बगल देता कामा नये. आच्छादन आणायचे कुठून? ज्वारीचा कडबा हा दुष्काळी जिल्ह्यांत दाण्याइतकाच मोलाचा असतो. तो रानात कुजू द्या, असे ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याला सांगणे निर्दयपणाचे आहे. म्हणून बार्शी-मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात संपूर्ण विनानांगरणीचा आग्रह मला मान्य नाही. आच्छादनाशिवाय ती तोट्याचीच ठरण्याचा संभव अधिक. तिथे कुळवाची जुनी रीत, म्हणजे वरवरची मशागत आणि नांगर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, हाच योग्य मध्य आहे. पण जिथे अवशेषांना चारा म्हणून मागणी नाही तिथे ही सबब चालत नाही. उसाचे पाचट आजही जाळले जाते. पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते. सोयाबीनचा भुसा मळणीयंत्रापाशी ढीग होऊन पडतो. आणि ऊस घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा: खोडवा हे काय आहे? लागणीचा ऊस तुटल्यावर नांगर न घालता वर्षभर घेतलेले पीकच ना? कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी उसात नांगरणीशिवाय शेती स्वतः करून, तिच्यावर मराठीत सातत्याने लिहून हा विचार शेतकऱ्यांपर्यंत नेला आहे. जुन्या पिकाची मुळे जागेवरच कुजली की पोकळ्या राहतात आणि पाणी-हवा त्यांतूनच खेळते, हा त्यातला कळीचा मुद्दा.

तणाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नांगर घातला नाही तर हरळी आणि लव्हाळा रान खातात, ही तक्रार खोटी नाही. मात्र दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून हरळीच्या काश्या वेचल्या तर तिचा बंदोबस्त होतो. इथे नांगर हवाच. लव्हाळ्याच्या गाठी मात्र नांगराने सगळीकडे पसरतात, आणि वर्षायू तणांचे खोल गाडलेले बी दरवर्षीच्या पलटीने पुन्हा उजेडात येऊन उगवते. दुसरीकडे, विनानांगरणीचे बरेच मोठे यश तणनाशकावर उभे आहे, हेही मान्य केले पाहिजे. 1960 च्या दशकात पॅराक्वाट आणि पुढे ग्लायफोसेट आले नसते तर अमेरिका-ब्राझीलमध्ये ही पद्धत एवढी पसरली नसती. ग्लायफोसेट माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे मत 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने दिले, आणि 2022 मध्ये आपल्या केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. नांगर सोडून फवारणीच्या पंपाला बांधून घेणे ही काही मुक्ती नव्हे. आणि दोन्ही सोडले तर खुरपे उरते, जे महाराष्ट्रात बाईच्या हातात असते. नांगराने शेतीत पुरुषाचे वर्चस्व कसे वाढवले हे एस्टर बोसेरप यांनी 1970 मध्ये मांडले होते. आता नांगर कमी करताना त्याचा भार निंदणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर टाकला जाऊ नये. कोळप्याचे, डवऱ्याचे, छोट्या वीडरचे काम वाढवूनच हा प्रश्न सुटेल.

किडीचा आक्षेप थोडक्यात. उन्हाळी नांगरटीने हुमणीच्या अळ्या आणि घाटेअळीचे कोष उघडे पडतात, पक्षी ते टिपतात. ज्या रानात या किडी गेल्या हंगामात होत्या तिथे हे जरूर करावे. परंतु गुलाबी बोंडअळीचा मुख्य आसरा फरदड आणि उभी पऱ्हाटी हा आहे. तिच्यासाठी कापूस वेळेवर संपवणे जास्त महत्त्वाचे. किडीच्या नावाखाली सगळे शिवार दरवर्षी उलथण्यात गांडुळांचाही बळी जातो.

रान आवळते, कडक होते, म्हणून नांगरावे लागते, हे कारण सर्रास सांगितले जाते. ते आवळते कशाने, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात सरासरी वहिवाट 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर. एवढ्याशा जमिनीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सहसा स्वतःचा नसतो, भाड्याचा असतो. तो येईल त्या दिवशी रान वाफशावर असो वा नसो, काम उरकून घ्यावे लागते. ओल्या रानात टायरचा दाब पडतो, नांगराचा तळ आणि रोटाव्हेटरची पाती एकाच खोलीवर वर्षानुवर्षे माती चोपतात, आणि सहा-आठ इंचांवर एक घट्ट थर तयार होतो. तुरीचे झाड उपटून पाहिले की सोटमूळ त्या थरावर येऊन आडवे वळलेले दिसते. हा थर ज्या मशागतीने बनवला तीच मशागत वाढवून तो जाणार कसा? तो फोडायला कोरड्या रानात सबसॉयलर एकदा चालवावा आणि मग रोटाव्हेटर आवरावा. माझ्या मते आजच्या घडीला नांगरापेक्षाही रोटाव्हेटरचा अतिरेक अधिक घातक आहे, कारण तो मातीचे कणसमूहच मोडून टाकतो.

भाताचे गणित वेगळे आहे. कोकणात उखळणी आणि चिखलणी होते ती पाणी खाचरात धरून ठेवण्यासाठी. तिथे चिखलाखालचा घट्ट थर हा दोष नसून सोय आहे. तरी तिथेही दुसरी वाट निघाली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी एकदाच गादीवाफे करून, पुढे नांगर-चिखल-लावणी यांशिवाय भात टोकण्याचे तंत्र रुजवले; त्यात तणनाशकाचा वाटा आहे, ही त्याची मर्यादा. आणि भंडारा-गोंदियात उभ्या भातात कापणीआधी लाखोळी, जवस फेकून पुढचे पीक घेण्याची जुनी उतेरा रीत आहेच. तिला नांगर कधी लागलाच नाही.

एका प्रचारापासून सावध राहायला हवे. नांगरट बंद केली की जमिनीत प्रचंड कार्बन साठतो आणि त्याचे पैसे मिळतील, असे आता सांगितले जाते. डेव्हिड पॉल्सन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याची छाननी केली. वरच्या थरात सेंद्रिय कार्बन वाढलेला दिसतो, पण त्यातला बराचसा खालच्या थरातल्या वाट्याची नुसती फेरमांडणी असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वरच्या दोन-तीन इंचांत सेंद्रिय पदार्थ असणे ओल धरायला आणि धूप रोखायला मोलाचेच आहे. पण हवामान बदलावरचा इलाज म्हणून ते विकू नये.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी 'उन्हाळ्यात एक खोल नांगरट' हे वाक्य प्रत्येक पिकाच्या शिफारशीत छापणे थांबवावे. भारी काळी, मध्यम, मुरमाड आणि जांभी जमीन यांसाठी नांगरटीचे अंतर वेगवेगळे सांगावे, आणि ते दहा-दहा वर्षे चालणाऱ्या प्रयोगांवरून सांगावे. शेतकऱ्यांना विनंती एवढीच की या उन्हाळ्यात ट्रॅक्टर सांगण्याआधी प्रत्येक तुकड्यात दीड फुटाचा खड्डा घ्या. हरळीच्या काश्या, हुमणी किंवा कडक थर, यांपैकी काही दिसले तर त्यावर नेमका इलाज करा आणि लागला तर नांगरही घाला. काहीच दिसले नाही तर ते रान यंदा तसेच राहू द्या, कुळवाच्या दोन पाळ्या द्या आणि वाफशावर पेरा.